पेंटरचे नाव आणि डाकूची सही

भिंतीवर लिहिणाऱ्या माणसाला आपल्याकडे तीन नावे आहेत. पैसे घेऊन लिहिले तर तो पेंटर, पक्षासाठी रात्री लिहिले तर कार्यकर्ता, आणि स्वतःच्या मनाने लिहिले तर उनाड. कलावंत हे चौथे नाव मात्र त्याला कुणी देत नाही. म्हणूनच की काय, २२ सप्टेंबर २०२४ रोजी हनीफ कुरेशी हा चित्रकार अवघ्या एक्केचाळीस वर्षांचा असताना फुप्फुसाच्या कर्करोगाने वारला, तेव्हा आमच्या तृतीय वर्षाच्या वर्गात त्याचे नाव कुणालाच ठाऊक नव्हते. त्याने काढलेली आणि काढवून घेतलेली चित्रे मात्र निम्म्या वर्गाने मोबाइलवर पाहिलेली होती. चित्र माहीत आणि चित्रकार अनोळखी! भिंतीवर काम करणाऱ्याच्या नशिबी हे ठरलेलेच असते.

मित्रहो, दिल्ली-मुंबईच्या चित्रकाराचे मेढ्याच्या वार्षिकात काय काम, असा प्रश्न आपण विचाराल. आमच्या संपादक मंडळानेही तो विचारला. मेढ्यात ना कलादालन, ना चित्रशाळा. वेण्णेकाठी वसलेले हे जावळीचे तालुक्याचे गाव. एसटीचा डेपो, तहसील कचेरी, बाजारपेठ आणि पुढे केळघरचा घाट. पण बाजारपेठेतून चालताना दुकानांच्या पाट्यांकडे ज्याने कधी मान वर करून पाहिले असेल, त्याला हनीफ कुरेशी परका वाटणार नाही. त्याचे सगळे आयुष्य पाट्यांवरच्या अक्षरांत गेले.

तो मूळचा सौराष्ट्रातल्या भावनगर जिल्ह्याचा. (वयाने तो माझ्या काकांच्या बरोबरीचा, परंतु चित्रकाराला आणि देवाला आपण एकेरीतच बोलतो, म्हणून मीही तसेच लिहिते.) लहानपणी त्याला मोठेपणी व्हायचे होते ते पाट्या रंगवणारा पेंटर. पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्याने चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि जाहिरात कंपन्यांत नोकऱ्या केल्या. साधारणतः येथे अशा माणसाची गोष्ट संपते. शिकलेला मुलगा गावच्या पेंटरला विसरतो आणि फार तर एखाद्या मुलाखतीत त्याची आठवण काढतो. हनीफने उलट केले. २०१० च्या सुमारास तो शहराशहरांतल्या पेंटरांना गाठू लागला. ज्यांचे काम संगणकावर छापलेल्या फ्लेक्सने बुडवले होते, त्यांच्याकडून त्याने त्यांच्या वळणाची पूर्ण वर्णमाला लिहून घेतली आणि तिचे संगणकावर वापरता येईल असे टाइप तयार केले. ‘हँडपेंटेड टाइप’ हे त्या उपक्रमाचे नाव. टाइपला नाव मात्र त्याने स्वतःचे दिले नाही. एकाचे नाव ‘पेंटर कफील’, दुसऱ्याचे ‘पेंटर उमेश’. ज्याचे अक्षर त्याचे नाव, आणि विक्रीत त्याचा वाटा.

मला स्वतःला हनीफचे हे काम त्याच्या सगळ्या भव्य भित्तिचित्रांहून मोठे वाटते. यावर कुणाचा मतभेद असल्यास असो.

पेंटरचे काम म्हणजे काय, हे मी आमच्या बाजारपेठेतल्या पेंटरकाकांकडून समजून घेतले. त्यांचे नाव मी येथे देत नाही. “नाव घालायचं तर भिंतीवर घाल, पुस्तकात नको,” असे त्यांनी बजावले आहे. पत्र्याची पाटी आली की आधी तिला पॉलिश पेपर मारायचा, मग प्रायमर, मग जमिनीचा रंग. तो वाळला की खडूची भुकटी लावलेली दोरी दोन टोकांना ताणून मध्ये टिचकी मारायची. सरळ रेघ उमटते. तीच शिरोरेषा. मग अक्षरांची जागा मोजायची. ‘किराणा’ लिहिताना पहिल्या वेलांटीला वर जागा सोडावी लागते. ‘भुसार’ लिहिताना उकाराला खाली. हे सगळे मनात आधी मोजलेले असते. नवशिका पेंटर पाटीच्या शेवटी अक्षरे दाटीवाटीने कोंबतो. मुरलेल्या पेंटरचे शेवटचे अक्षर पहिल्याइतकेच ऐसपैस बसते. मग अक्षराला जाडी द्यायची, एका अंगाने छाया टाकायची, आणि सर्वात शेवटी डाव्या नाहीतर उजव्या कोपऱ्यात, करंगळीएवढ्या जागेत, स्वतःचे नाव.

“दुकानदार पैसे देताना कुरकुरायचा, पण त्या कोपऱ्यातल्या नावाला कधी कुणी नाही म्हणालं नाही,” असे पेंटरकाका सांगतात.

वास्तविक या हातांनी काय लिहिले नाही! कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण त्यांनी भिंतीभिंतीवर नेला. पोलिओचे डोस त्यांनी सांगितले. २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा गावोगावच्या शाळा आणि चावड्या यांच्या ब्रशाने बोलू लागल्या. पंचायतीच्या निवडणुकीत दोन्ही गटांची चिन्हे एकच पेंटर काढी, सकाळी एकाच्या भिंतीवर आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या. आणि दोघांनाही सारखीच सुबक काढी. माझ्या आजीला लिहिता येत नाही. पण पाट्यांवरची ठळक अक्षरे चित्रासारखी ओळखून ती कुठले दुकान कुठले ते सांगते. अक्षराची पहिली ओळख कित्येकांना पुस्तकात झालेली नाही, बाजारात झाली आहे.

मग फ्लेक्स आला. साताऱ्याला सांगितले की तासाभरात गुंडाळी तयार. चौकोनी फुटाच्या हिशेबाने पैसे, आणि वर फोटो फुकट! फोटो हेच त्यातले खरे आकर्षण. पाटीवर अक्षर असायचे, फ्लेक्सवर चेहरा आला. वाढदिवस, निवड, सत्कार, श्रद्धांजली, सर्वांवर तेच हात जोडलेले चेहरे आणि तीच पिवळी-लाल अक्षरे. मेढा काय, मिरज काय आणि मुलुंड काय, सगळीकडे एकसारखीच. या फलकांविरुद्ध उच्च न्यायालयात गेलेली एक मोठी जनहित याचिका आपल्याच जिल्ह्यातली होती, हे फारच थोड्यांना माहीत असेल. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनने २०११ साली ती दाखल केली आणि जानेवारी २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा फलक हटवण्याबाबत तपशीलवार आदेश दिले. त्यानंतर आपल्या चौकांत काय बदलले, ते आपण रोज येता-जाता पाहतोच. मी अधिक लिहीत नाही.

आता हनीफच्या दुसऱ्या रूपाकडे वळते, कारण त्यावाचून त्याचे स्मरण अर्धवट राहील. दिल्लीच्या भिंतींवर कैक वर्षे एक सही दिसत असे : ‘डाकू’. देवनागरीत, जाड ठसठशीत अक्षरांत. हा डाकू कोण, ते लोकांना ठाऊक नव्हते. ‘थांबा’ अशा अर्थाच्या इंग्रजी पाटीखाली तो एखादा शब्द चिकटवून जाई, आणि रहदारीची पाटी एकदम समाजाला उद्देशून बोलू लागे. निवडणुकीच्या हंगामात त्याने भिंतीवर ‘मत दो’ लिहिले. हिंदीत त्याचा अर्थ ‘मत द्या’ असा होतो आणि ‘देऊ नका’ असाही. दिल्लीच्या लोधी कॉलनीत आणि गोव्यात पणजीत त्याने अक्षरे भिंतीवर न रंगवता अशी बसवली, की ऊन पडले म्हणजे त्यांची सावली शब्द होऊन पडावी, आणि सूर्य सरकला की शब्द वाकडे होत नाहीसे व्हावेत. हनीफच्या मृत्यूनंतर त्याच्या सहकाऱ्यांनी सांगितले, की डाकू तोच.

येथे आमच्या काही प्राध्यापकांच्या कपाळावर आठी पडेल, हे मी जाणून आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या भिंतीवर लिहिणे हा आपल्या राज्यात गुन्हा आहे. त्यासाठी १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा कायदा आहे, आणि तो असावाच. आपल्या गडांवर बदामात बाण घुसवून कोरलेली नावे पाहिली की माझेही डोके तापते. हा रोग काही आजचा नव्हे. १८१९ साली अजिंठ्याची लेणी पाहून हरखलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यात चित्रावरच आपले नाव आणि तारीख खरडली. साहेबाला मात्र आपण आजही अजिंठा ‘शोधून काढणारा’ म्हणून ओळखतो!

तेव्हा डाकूच्या सहीला आणि गडावरच्या बदामाला एकाच मापाने मोजावे काय? मला तसे वाटत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९७१ च्या सुमारास टाकी १८३ ही सही भुयारी रेल्वेपासून दिव्याच्या खांबांपर्यंत सर्वत्र दिसू लागली, आणि वर्तमानपत्राने शोध घेतला तेव्हा ती सामान वाटप करत शहरभर हिंडणाऱ्या एका मुलाची निघाली. १८३ हा त्याच्या घराच्या रस्त्याचा क्रमांक. मोठ्या शहरात ज्याला कुणी विचारत नाही, अशा पोराचे ते ‘मी आहे’ असे सांगणे होते. डाकूची सही त्याच जातीची. फरक एवढाच, की जाहिरात कंपनीत दिवसभर दुसऱ्याचे नाव मोठे करणारा माणूस रात्री एक खोटे नाव लिहीत होता, आणि ते आपल्या लिपीत लिहीत होता. शहरात इंग्रजी अक्षराला मान असतो. बंडखोरीसुद्धा आपल्याकडे इंग्रजीतच करायची पद्धत आहे. ‘डाकू’ या अक्षरांतला उकार भिंतीवर ऐटीत खाली उतरतो, आणि रोमन अक्षरांना ते कधी जमणार नाही, हे त्या माणसाला उमगले होते. ते त्याला पेंटरांनी शिकवले. लेणे आणि गड ही मात्र मेलेल्या माणसांनी आपल्यावर सोपवलेली वस्तू आहे. तिथे ‘मी आहे’ म्हणायला कुणालाच जागा नाही, डाकूलासुद्धा नाही.

२०१४ पासून हनीफ आणि त्याचे सहकारी उघडपणे, परवानग्या घेऊन मोठमोठ्या भिंती रंगवू लागले. ‘स्टार्ट इंडिया’ ही त्यांची संस्था. त्याच वर्षी दिल्ली पोलिसांच्या तेव्हाच्या मुख्यालयावर गांधीजींचे प्रचंड चित्र उभे राहिले. भिंतीवर लिहिणाऱ्याला पकडणाऱ्या पोलिसांचीच भिंत! लोधी कॉलनीच्या सरकारी वसाहतीत पन्नासहून अधिक भिंती रंगल्या. मुंबईत २०१७ च्या अखेरीस ससून डॉकवर प्रदर्शन भरले. त्या वेळी मी सातवीत होते आणि बाबांकडे मुंबईला गेले होते. जावळीतल्या पुष्कळ घरांप्रमाणे आमच्याही घरातला कर्ता पुरुष माथाडी कामगार. बाबांना सुट्टी नव्हती, म्हणून काकांनी नेले. १८७५ साली बांधलेल्या त्या धक्क्यावर मासळीचा वास नाकात भरत होता, पाट्या घेतलेल्या बायका धक्के देत पुढे जात होत्या, आणि त्यांच्यासारख्याच माणसांचे काळे-पांढरे मोठाले चेहरे भिंतीवर चिकटवलेले होते. ते चेहरे कुणा पुढाऱ्याचे नव्हते. मासळी सोलणाऱ्यांचे आणि ओझी वाहणाऱ्यांचे होते. काका त्यांच्यापुढे बराच वेळ उभे राहिले. “आपल्या मार्केटात असं कुणी लावील का रं?” असे ते स्वतःशीच म्हणाले. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाच्या तोंडचा तो प्रश्न मला तेव्हा कळला नव्हता, आता कळतो.

पण सगळेच गोड आहे असे नाही. या चळवळीच्या पाठीशी रंगाची मोठी कंपनी उभी राहिली. भिंती रंगवण्यात रंगाच्या कंपनीला रस असावा, यात नवल ते काय? तिच्या यशानंतर नगरपालिकांनाही भिंती रंगवण्याची हौस आली. स्वच्छतेचे सर्वेक्षण जवळ आले की ठेकेदार येतो आणि ठरलेली चित्रे काढून जातो : एक झाड, एक पृथ्वीचा गोल, दोन हात, एक मोर. कुठल्या गावी काढली हे चित्रावरून ओळखता येत नाही. कोपऱ्यात नाव असते ते योजनेचे. ज्या माणसाने प्रत्येक पेंटरच्या हाताचे वळण वेगळे आहे म्हणून आयुष्य खर्चले, त्याच्यामागे अशा सारख्या भिंती उराव्यात, ही मोठी शोकांतिका होईल.

भिंत कुणाची, हा प्रश्न तर आपल्या दाराशीही येऊन गेला आहे. २०२३ साली साताऱ्याच्या पोवई नाक्यावर एका इमारतीच्या भिंतीवर एका लोकप्रतिनिधींचे चित्र काढण्यावरून एवढे वातावरण तापले, की पोलीस बंदोबस्त लावावा लागला. भिंतीवर कुणाचे चित्र असावे, यावर सगळा जिल्हा बोलत होता. ते काढणारा हात कुणाचा, हे कुणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आपली ही सवय फार जुनी आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यात अठराव्या शतकातली सुंदर भित्तिचित्रे आहेत. आपल्या विभागाची सहल तेथे गेली होती. वाडा कुणाचा, ते शाळकरी पोरगेही सांगते. चित्रे काढणाऱ्या चिताऱ्यांची नावे आम्ही विचारली तेव्हा माहिती सांगणाऱ्या गृहस्थांनी आमच्याकडे असे पाहिले, की जणू आम्ही वाड्याच्या विटा भाजणाऱ्याचे नाव विचारले. ते विचारायलाही माझी हरकत नाही.

शहरातल्या अक्षरकारांना निदान नाव तरी मिळाले. मराठी नाटकांच्या नावांना चेहरा देणारे कमल शेडगे २०२० साली गेले, तेव्हा नाट्यरसिक हळहळले. र. कृ. जोशी यांनी घडवलेल्या ‘मंगल’ टाइपात आपली वेळापत्रके निघतात आणि अभ्यासकांना त्यांचे नाव ठाऊक आहे. बाजारातल्या पेंटरचे नाव पाटीच्या कोपऱ्यात असते आणि पाटी उतरली की भंगारवाल्याकडे जाते.

हनीफच्या उपक्रमातले जे नमुने मी पाहिले ते बहुतेक रोमन अक्षरांचे आहेत. ते साहजिक आहे. सव्वीस अक्षरे आणि आकडे लिहिले की रोमन वर्णमाला पुरी होते. देवनागरीचे तसे नाही. बाराखडी आली, जोडाक्षरे आली, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ आले, आणि मराठीत तर ‘ळ’ आला. आमच्या पेंटरकाकांचा ‘ळ’ एकदा पाहाच! ‘केळघर’ लिहिताना त्याचे दोन्ही गोल ते एकाच दमात, ब्रश न उचलता घेतात. तो ‘ळ’ अन्य कुठे नाही. त्यांचे वय आता सत्तरीला टेकले आहे, हात किंचित थरथरतो, आणि त्यांचा मुलगा साताऱ्यात फ्लेक्सच्या दुकानी नोकरीला आहे. यात मुलाला दोष देण्यासारखे काही नाही. संसार त्याला चालवायचा आहे. परंतु तो ‘ळ’ लिहून ठेवायला हनीफ आता येणार नाही. आलाच असता तरी मेढ्याला आला असता की नाही, कोण जाणे.

म्हणून हे काम आपले आहे, असे मला वाटते. मराठी विभागाने आणि राष्ट्रीय सेवा योजनेने मिळून तालुक्यातल्या जुन्या हाती रंगवलेल्या पाट्यांची छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येकीच्या कोपऱ्यातले नाव टिपावे, आणि जे पेंटर हयात आहेत त्यांच्याकडून मोबदला देऊन पूर्ण बाराखडी लिहून घ्यावी. मोबदला देऊन, हे शब्द मी मुद्दाम लिहिते. कारण कलेचा सन्मान म्हटला की आपल्याकडे शाल आणि नारळावर भागवायची रीत आहे.

दुसरी मागणी आपल्या कुंपणाच्या भिंतीची. तिच्यावर सुविचारांचे छापील फलक लावण्याचे घाटत आहे, असे ऐकते. सुविचारांविषयी मला आदर आहे. परंतु ते छापील फलक साताऱ्याहून येणार, आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्यांची कोपऱ्यातून सालपटे निघणार. त्याऐवजी ती भिंत पेंटरकाकांना द्यावी. त्यांनी तिच्यावर मराठी वर्णमाला लिहावी, अ पासून ज्ञ पर्यंत, आपल्या वळणाने, छाया टाकून. आपल्यापैकी ज्यांना हात चालवायचा आहे त्यांनी दोरी धरावी, रंग ढवळावा, शिकता आले तर शिकावे. खाली कोपऱ्यात नाव त्यांचे. महाविद्यालयाचे नाव घालायचे असेल तर त्याहून लहान.

मी त्यांना भिंत दाखवून आणली आहे. त्यांनी ती पावलांनी मोजली, एका ठिकाणी नखाने चुना खरवडून पाहिला आणि ओल कुठवर चढते ते विचारले. चार दिवसांचे काम आहे म्हणतात, आणि जमिनीच्या रंगाचे दोन हात धरून सहा. मेच्या पंधरवड्यापर्यंत सुरू झाले पाहिजे. जूनमध्ये आपल्याकडे पाऊस लागला की भिंत रंग धरत नाही, पोपडे येतात. शिडी त्यांची स्वतःची आहे. दोरी धरायला दोघे जण हवेत.